ओला मोजा, सुका मोजा

बत्तीस वर्षं मी शाळेच्या फाटकाच्या आतल्या बाजूला उभी होते. एका हातात उशिरा येणाऱ्यांचं रजिस्टर, दुसऱ्यात लाल पेन. ‘मोजा सापडला नाही’, ‘शर्ट वाळला नव्हता’, ‘धाकटी रडत होती’ अशी कारणं पालक लिहायचे आणि मी प्रत्येकापुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह काढायचे. घरातून अर्धा तास आधी निघायला यांचं काय जातं, असं स्टाफरूममध्ये दर सोमवारी म्हणायचे.

गेल्या महिन्यात मुलगा आणि सून एका लग्नाला ग्वाल्हेरला गेली. नातवंडांची युनिट टेस्ट, म्हणून ती इथेच, इंदूरच्या लोकमान्य नगरात, आमच्या ताब्यात. निघताना सुनेने फ्रिजवर कागद चिकटवला. ‘६.०० उठवणे. ६.१० पुन्हा उठवणे. ६.१५ खरंच उठवणे.’ मला हसूच आलं. म्हटलं, “अगं, मी साठ-साठ पोरांचा वर्ग सांभाळलाय.” ती काही बोलली नाही. फक्त त्या कागदाला सेलोटेपची आणखी एक पट्टी लावली.

वर्गात येणारी मुलं कपडे घालून आलेली असतात, हा मुद्दा तोवर माझ्या लक्षात आला नव्हता.

ओजस सहा वर्षांचा आहे. ६.१५ ला तो खरंच उठला, पलंगावर बसला आणि अत्यंत समजूतदारपणे म्हणाला, “आजी, आपण कालच गेलो होतो ना शाळेत?” मी म्हटलं, आजही जायचंय. “पण काल सगळं शिकवलं त्यांनी.” याला उत्तर बी.एड.मध्ये नव्हतं. दात घासायला पाठवला तर दहा मिनिटांनी ब्रश तोंडात तसाच, आणि हा नळाखाली बोट धरून पाण्याची धार कुठे वळते ते बघतोय. पँट घालताना एक पाय आत गेला की दुसऱ्या पायाची आठवण त्याला करून द्यावी लागते.

धाकटी सई चार वर्षांची. तिचा प्रश्न उलटा. तिला मदत चालत नाही. “माझं मी!” शर्टाचं पहिलं बटण तिने दुसऱ्या काजात घातलं. मला दिसत होतं. बोलायची सोय नव्हती. जिभेचं टोक बाहेर काढून, एकेका बटणाला दोन्ही अंगठ्यांनी ढकलत ती खालपर्यंत पोचली आणि तिथे एक काज रिकामं उरलं. तिने त्या काजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे जास्तीचं दिलंय.” मग सगळी बटणं काढून पुन्हा वरून सुरुवात, आणि तीही माझं मी.

वेण्यांबद्दल न बोललेलं बरं. एक कानावर आली, एक मानेवर.

आता मोज्यांकडे वळते. आमचं इंदूर २०१६ साली स्वच्छतेत देशात पंचविसावं होतं, २०१७ मध्ये पहिलं आलं, आणि तेव्हापासून आमचे हे स्वतःला महापालिकेचे मानद अधिकारी समजतात. कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे असतात, तर आमच्या घरात सात डबे आहेत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या हे धुतात आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालतात. चिमटे संपले की उरलेले कपडे देवाच्या भरवशावर. त्या रात्री ओजसचा एक मोजा देवाने सोडला, तो बादलीत पडला. सकाळी हातात एक ओला मोजा आणि एक सुका मोजा. सबंध शहरात ओलं-सुकं वेगळं होतं आणि इथे एकाच पोराच्या दोन पायांत एकत्र. ओल्याला इस्त्री लावली तर वाफ निघाली, मग वास निघाला, मग मी इस्त्री उचलली. शेवटी सईच्या जास्तीच्या मोज्यांतला एक ओढूनताणून ओजसच्या पायात चढवला. तो जेमतेम टाचेपर्यंत आला.

तेवढ्यात सईने उपमा नको म्हणून सांगितलं. तो ओल्या कचऱ्यात गेला. देवगुराडियाला रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. सईने आजवर नाकारलेल्या नाश्त्यावर एखादी बस राजवाड्यापर्यंत जाऊन परत आली असेल. यांनी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली होती. ती मात्र दोघांनी खाल्ली, आणि पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची बोटं धुतलेल्या शर्टाला पुसली.

सात वाजून पाच मिनिटांनी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं. आमच्या गल्लीत ते वाजलं की घड्याळ बघावं लागत नाही. हे डबे घेऊन खाली गेले. मी सुनेच्या कागदाची शेवटची ओळ वाचली. ‘टाकाऊतून टिकाऊ आजच आहे. रोबो दाराजवळ ठेवलाय. विसरू नये.’

दाराजवळ काही नव्हतं.

“अहो, इथला रोबो कुठाय?”

“कुठला रोबो? खोकं होतं एक, ते सुक्यात दिलं. बाटल्या प्लॅस्टिकमध्ये. रिमोट ई-कचऱ्यात. झाकणांना काय तो गोंद लावला होता, सोडवता सोडवता पाच मिनिटं गेली माझी!”

ओजसने भोकाड पसरलं. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि पळाले. गाडी शोधावी लागली नाही, गाणं चालूच होतं. तिसऱ्या गल्लीत गाठली. गाडीवरचा मुलगा माझ्या हातातल्या ओल्या मोज्याकडे बघत म्हणाला, “माताजी, ये कपड़ा सूखे में आएगा.” मी त्याला रोबो समजावून सांगितला. बिचारा वर चढला. खोकं आणि रिमोट मिळाले. बाटल्या कुणाच्या कुठल्या ते कळेना, म्हणून त्याने त्याच्या पसंतीच्या दोन दिल्या, एक लिटरची आणि एक अर्ध्याची. “अपने इंदौर में सब मिल जाता हे,” म्हणाला. रोबो उभा राहिला, पण लंगडा.

मी परतेपर्यंत व्हॅनवाला दोन हॉर्न देऊन गेला होता. तिसरा हॉर्न तो फक्त माझ्या सुनेसाठी देतो, असं नंतर कळलं.

मग स्कूटर काढली. सई पुढे उभी, ओजस मागे, त्याच्या मिठीत रोबो. अन्नपूर्णा मंदिरापाशी सईने हात जोडायला लावले. मी एका हाताने जोडले.

शाळेचं फाटक बंद. आत एक तरुण बाई, हातात रजिस्टर, बोटांत लाल पेन. कारणाच्या रकान्यापाशी मी क्षणभर थांबले. मोजा सापडला नाही, शर्ट वाळला नाही, धाकटी रडत होती, सगळंच खरं होतं, आणि या सगळ्यांपुढे मी स्वतः काय काढलं असतं तेही मला माहीत होतं. म्हणून लिहिलं, ‘वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र करण्यात वेळ गेला.’

बाईंनी वाचलं. लंगड्या रोबोकडे पाहिलं. जिरावनाच्या डागाकडे पाहिलं. मान डोलावली. इंदुरात या कारणावर बोट ठेवणं सोपं नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच सई खणखणीत आवाजात म्हणाली, “आणि आजीने दादाला माझा मोजा घातलाय!”

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं.