शनीच्या छायाचित्राखालची कापलेली ओळ

शनीच्या उत्तर ध्रुवावरील वादळाचे एक लालभडक छायाचित्र शनिवार उजाडला की आमच्या सोलापुरातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटावर येतेच. कधी त्याला ‘शनिदेवाचा डोळा’ म्हटलेले असते, तर कधी ‘अंतराळातील गुलाब’. आणि पाठोपाठ कोणीतरी ‘हे सगळे संगणकावर रंगवलेले असते’ असे लिहून मोकळा होतो. माझ्या मते भाविक आणि संशयी हे दोघेही एकाच गोष्टीला मुकले आहेत, ती म्हणजे त्या छायाचित्रासोबत प्रसिद्ध झालेली आणि पुढे पाठवताना गळून पडलेली माहिती.

हे छायाचित्र टिपणारे, १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघालेले नासाचे कॅसिनी यान २००४ च्या मध्यास शनीच्या कक्षेत शिरले आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच ग्रहाच्या वातावरणात नष्ट होईपर्यंत त्याने साडेचार लाखांच्या आसपास छायाचित्रे टिपली. त्याचे दोन्ही कॅमेरे फक्त प्रकाशाची तीव्रता मोजत, त्यामुळे प्रत्येक चौकट मुळात कृष्णधवल असे. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकामागून एक घेतलेल्या तीन चौकटी पृथ्वीवर एकत्र केल्या, की डोळ्यांना दिसेल त्याच्या जवळपास जाणारे रंगीत चित्र तयार होई. लग्नपत्रिका छापताना प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते आणि एखादी किंचित सरकली तर अक्षरांच्या कडेला रंगीत सावली उमटते. त्याचप्रमाणे तीन चौकटींच्या दरम्यान एखादा चंद्र पुढे सरकला, तर त्याचे लाल, हिरवे आणि निळे असे तीन ठिपके दिसतात.

त्या लाल वादळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. २७ नोव्हेंबर २०१२ रोजी सुमारे ४ लाख १९ हजार किलोमीटरवरून घेतलेल्या त्या चित्रात वापरलेले फिल्टर आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे होते. शनीच्या वातावरणातील मिथेन वायू यांपैकी काही तरंगलांबींचा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्या फिल्टरमधून फक्त उंचावरचे ढग उजळ दिसतात, तर मिथेन ज्याला फारसा अडवत नाही तो प्रकाश खोलवरच्या ढगांपर्यंत जाऊन परततो. खालच्या ढगांना लाल आणि वरच्यांना हिरवा रंग देण्याचा अर्थ एवढाच, की तो उंचीचा नकाशा आहे. सुमारे २,००० किलोमीटर रुंदीचा तो ‘डोळा’ लाल आहे, कारण तेथे आपण खोलवर पाहत आहोत. याला बनावट म्हणणे म्हणजे भूगोलाच्या नकाशात डोंगर तपकिरी रंगवले म्हणून नकाशाच खोटा ठरवणे होय.

शहरातल्या एका शाळेच्या प्रदर्शनात कॅसिनीचे १९ जुलै २०१३ चे प्रसिद्ध चित्र भिंतीवर लावलेले पाहिले. सूर्य शनीआड गेलेला, कडी मागून उजळलेली, आणि त्यांच्या खाली १४४ कोटी किलोमीटरवरची आपली पृथ्वी एका ठिपक्याएवढी. माहिती सांगणाऱ्या मुलीने तो ठिपका शनीचा चंद्र असल्याचे सांगितले. तिला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण चित्राखालची ओळ छपाईच्या वेळी कोणीतरी कापून टाकली होती. ते चित्र १४१ चौकटी जोडून केलेले आहे, आणि पृथ्वी ठळक दिसावी म्हणून तिची चमक वाढवलेली आहे, हे मूळ प्रसिद्धी-टिपेत स्पष्ट लिहिलेले होते.

मला स्वतःला २००९ ची कृष्णधवल छायाचित्रे अधिक मोलाची वाटतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शनीवर विषुव होता, म्हणजे सूर्य त्याच्या विषुववृत्ताच्या नेमका वर आला होता, सूर्यकिरण कड्यांना जवळजवळ समांतर येत होते, आणि एरवी साधारण १० मीटर जाडीच्या त्या सपाटीवर ‘बी’ नावाच्या कड्याच्या बाहेरील काठाशी अडीच किलोमीटरपर्यंत उंच उठलेल्या ढिगाऱ्यांच्या लांबच लांब सावल्या पडल्या. सावलीच्या लांबीवरून उंची काढता आली. रंगाची गरजच पडली नाही. पुढचा विषुव ६ मे २०२५ रोजी होऊन गेला, पण तो टिपायला तेथे यान नव्हते. ही चित्रे कोणी पुढे पाठवत नाही, कारण ती गुलाबासारखी दिसत नाहीत.

कॅसिनीच्या मूळ चौकटी नासाने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, आणि जगभरातील हौशी मंडळी त्यांतून रंगीत चित्रे जुळवतात. आपल्या महाविद्यालयांतील संगणक कक्षांत हे सहज होऊ शकते. पुढच्या प्रदर्शनात तयार पोस्टर आणण्याऐवजी मुलांनी स्वतः जुळवलेले एक चित्र, त्याच्या तिन्ही कृष्णधवल चौकटी आणि खाली अंतर, दिनांक व फिल्टर यांची नोंद लावावी, अशी माझी विज्ञान शिक्षकांना विनंती आहे. ज्यांना या कामात मदत हवी असेल त्यांनी अवश्य कळवावे.