बाबा लेफ्ट झाले

रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांवरून जुंपली आणि बाबा तिरीमिरीत ग्रुपमधून बाहेर पडले. दहा मिनिटांत खालच्या काकू दारात. "अहो काका, तुम्ही लेफ्ट झालात?"

बाबा आरामखुर्चीत, मांडीवर पोह्यांची बशी. म्हणाले, "मी कुठे काय झालो? इथंच बसलोय की."

काकू हसत हसत गेल्या. 'लेफ्ट होणे' हे आता अस्सल मराठी क्रियापद आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'ग्रुप सोडला' म्हटलं तर उलट समोरचा क्षणभर गोंधळतो. पण बाबांचं उत्तर त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी इतकं नेमकं जाऊन बसलं होतं, की मला राहवेना. (मी भाषेची पंडित नाही. शब्दकोश चाळायची खोड आहे, ती बाबांकडूनच आलेली. आमच्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, १८५७ च्या आवृत्तीचं पुण्यात निघालेलं पुनर्मुद्रण. शाळेत असताना तो पाटासारखा वापरून मी वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढत असे.)

तर 'लीव्ह'. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'निघून जाणे' नव्हताच. अर्थ होता 'राहू देणे', 'मागे ठेवणे'. मेलेला माणूस मुलांसाठी जमीन 'लीव्ह' करायचा. आपण गाव मागे ठेवतो म्हणजे आपण गावाहून निघतो, अशा वळणाने पुढे त्याला जाण्याचा अर्थ चिकटला. चिकटला हा शब्द मुद्दाम वापरतेय, कारण या क्रियापदाचं मूळ जिथवर मागे नेता येतं तिथे अर्थ आहे चिकटणे. त्याच मुळापासून संस्कृतात 'लिप्' आला, म्हणजे आपला लेप आणि आपलं लिंपणं. आजी चूल लिंपायची आणि साहेब ऑफिस 'लीव्ह' करतो, ही दोन्ही क्रियापदं चुलत भावंडं आहेत! माझी भाची मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकते. तिला विचारलं तर म्हणाली, "मावशी, आमच्याकडे 'ब्लायबन' आहे, पण त्याचा अर्थ राहणे." तेही त्याच घराण्यातलं. एकाच आडनावाची माणसं, एक गावात राहिली, एक बाहेर पडली.

(डाव्या बाजूचा 'लेफ्ट' मात्र निराळा. त्याचं जुनं रूप 'दुबळा' अशा अर्थाचं होतं. ग्रुप सोडणाऱ्याला तो लावायचा मोह होतो, पण तसं नाही.)

इथवर गंमत होती. खरी गोष्ट पुढे आहे, कारण इंग्रजीत 'लीव्ह' एक नाही, दोन आहेत. ऑफिसात आपण टाकतो ती 'लीव्ह', सीएल, पीएल, सिक लीव्ह, हिचा त्या जाण्याच्या क्रियापदाशी काडीचा संबंध नाही. उच्चार सारखा झाला एवढंच. या 'लीव्ह'चा अर्थ परवानगी. आणि ती ज्या मुळापासून आली त्याच मुळाचे 'लव्ह' आणि 'बिलीव्ह'. जर्मन 'उरलाउब', म्हणजे सुट्टी, तोही त्यातलाच. आणि संस्कृतात? लुभ्. लोभ.

हे वाचलं तेव्हा मी कोश मिटून दोन मिनिटं नुसती बसले. आपण पत्राच्या शेवटी, म्हणजे बरोब्बर निरोपाच्या जागी, काय लिहीत होतो? 'कळावे, लोभ असावा.' कुणी ठरवून जुळवलेलं नाही, हजारो वर्षांच्या अंतराने जुळलेलं आहे. पण जुळलंय.

आता आपली रजा. हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आलेला. अर्थ संमती, राजीखुशी. म्हणजे इंग्रजांनी जे केलं तेच आपण केलं, परवानगीच्या शब्दालाच सुट्टीचा शब्द करून टाकलं. 'आम्ही आपली रजा घेतो' यात दोन्ही अर्थ अजून शाबूत आहेत. राजी त्याच धातूचा. नाराज त्यातलाच, राजी नसलेला. आणि राजीनामा! शब्दशः संमतीचा कागद. हिंदी पट्ट्यात कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे समझोता, आणि आपल्याकडे नोकरीला रामराम. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचा आलेख या चार शब्दांत मावतो: राजी होऊन लागले, रजा मागितली, नाराज झाले, राजीनामा टाईप करून ड्राफ्टमध्ये ठेवला. तो तिथेच आहे, बाबांसारखा.

सुट्टीचं वेगळं आहे. सुट्टी सुटणाऱ्याची. शाळा सुटते, सगळ्यांनाच मिळते, कुणाला विचारावं लागत नाही. रजा एकट्याने मागायची असते आणि कुणीतरी राजी व्हावं लागतं.

यावरून परवा ऑफिसात वाद झाला. आमच्या टीममधल्या चोवीस वर्षांच्या मुलीने मॅनेजरला सांगितलं, "सर, मी लीव्ह मागत नाहीये, कळवतेय." सगळे गप्प. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते उठून कपाटाकडे गेले. सरकारी नोकरीत होते, एकही कागद फेकलेला नाही. निळ्या कार्बनची एक प्रत काढली. 'अर्ज करण्यास कारण की, माझ्या कनिष्ठ भगिनीचा विवाह योजिला असल्याने चार दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.' कोपऱ्यात लाल शाईत 'मंजूर', आणि त्याखाली साहेबांच्या बारीक अक्षरात: 'आहेर काय?' बाबा म्हणाले, "साहेब लग्नाला आले होते. पातेलं घेऊन."

मग त्यांनी नियम ऐकवला. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. मी म्हटलं, बाबा, ते तुमच्या सरकारात. आमच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि २४० दिवस भरले की दर वीस दिवसांना एक दिवस भरपगारी. ४५ पर्यंत साठवता येतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साठवलेल्याला तुरुंगात संचित रजा म्हणतात." खरंच म्हणतात. येरवड्याच्या बातम्यांत 'फर्लो' येतो ना, त्याचं सरकारी मराठी संचित रजा, आणि पॅरोलचं अभिवचन रजा. हा 'फर्लो' डच 'वरलोफ'वरून आलेला, म्हणजे पुन्हा तीच परवानगीवाली 'लीव्ह'.

माझं मत विचाराल तर ती मुलगी अर्धी बरोबर आहे. ताप आलाय, आई आजारी आहे, तिथे मागायचं कसलं? कळवायचं. आमच्या पोर्टलवर 'कारण' नावाचा रकाना आहे आणि तो रिकामा सोडता येत नाही, हा मला शुद्ध आगाऊपणा वाटतो. मी तिथे गेली तीन वर्षं 'घरगुती' एवढंच लिहितेय. मार्चमध्ये कोकणात जायला टाकलेली माझी रजा पाच दिवस कुणी पाहिलीच नाही आणि मग सिस्टीमने आपोआप नामंजूर केली. माणूस नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. इथे नाराज तरी कुणावर व्हायचं?

पण उरलेली अर्धी बाजू बाबांची. विचारायचंच असेल तर ते साहेबाला नव्हे, शेजारच्या टेबलाला. आपण गेल्यावर ज्याच्या डोक्यावर आपलं काम पडणार आहे, ज्याची शुक्रवारची संध्याकाळ आपण खाणार आहोत, त्याला. "जाऊ का रे चार दिवस?" एवढं. लोभ तिथे हवा, मंजुरी पोर्टलने द्यावी. त्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, तुमच्या टेबलावरच पडणार आहे काम." मग मला राजी व्हावं लागलं.

संध्याकाळी टँकर आला, आणि तो कधी आला हे बाबांना कळलंच नाही, कारण मेसेज ग्रुपवर होता. ग्रुपमधून जायला कुणाची परवानगी लागत नाही, परत यायला मात्र ॲडमिन लागतो. आमचे ॲडमिन म्हणजे सेक्रेटरी, ज्यांच्याशी सकाळी वाजलं तेच. बाबांनी मला फोन हातात घ्यायला लावला आणि मजकूर सांगितला: 'महोदय, अनवधानाने समूहाबाहेर पडलो आहे. पुनश्च समाविष्ट करून घ्यावे. कळावे, लोभ असावा.'

"अनवधानाने, बाबा?"

"लिही तू."

सेक्रेटरींचा अंगठा आला. ग्रुपमध्ये घ्यायला मात्र त्यांनी रात्री साडेनऊ वाजवले.