स्पेलिंग चुकवावं, पण नेमकं

इंग्रजी चुकीचं लिहायला काही लागत नाही, ते कुणालाही जमतं. पण वाचणाऱ्याच्या कपाळावरची शीर ताडताड उडावी असं चुकीचं लिहायचं, तर त्याला अभ्यास लागतो. पुष्कळ होतकरू मंडळी इथेच फसतात. त्यांना वाटतं, अवघड शब्द चुकवला की काम फत्ते. मग ते 'रॉन्देव्हू'ची वाट लावतात, 'ब्यूरॉक्रसी'त सापडतील ते स्वर कोंबतात, आणि वाचणारा मात्र हळहळतो. "मेलं आहेच ते अवघड, मलाही बघूनच लिहावं लागतं" म्हणतो. झालं, सगळी मेहनत पाण्यात. सहानुभूती मिळवायला का आपण लिहायला बसलो होतो?

तेव्हा शब्द लहान निवडा. दुसरीतल्या पोराला येतो असा. 'युअर', 'देअर', 'इट्स', 'टू' ही खरी खाण आहे. उच्चार एक, स्पेलिंगं दोन किंवा तीन, आणि त्यातलं नेमकं नको ते उचलायची पूर्ण मुभा. 'देअर'च घ्या. एक मालकीचं, एक जागेचं आणि एक 'दे आर' आखडून झालेलं. नवशिका काय करतो, त्यातलं एकच धरून ठेवतो आणि सगळीकडे तेच ठोकतो. चौथ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते. मुरलेला माणूस एकाच वाक्यात तिन्ही वापरतो, आणि तिन्ही दुसऱ्याच्या जागेवर. म्हणजे वाचणाऱ्याला कळून चुकतं की गड्याला तिन्ही स्पेलिंगं येतात, फक्त कुठलं कुठे याची त्याला फिकीर नाही. माणसाला अज्ञानाची कीव येते. चीड येते ती या बेफिकिरीची. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सोपं आहे.

अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या डोक्याशी टांगलेला तो स्वल्पविराम, तर जणू तुमच्यासाठीच घडवलेली. नियम दोन ओळींचा. 'हिज', 'हर्स', 'युअर्स' यांत कुठे ती नसते, तशी मालकीच्या 'इट्स'मध्येही नसते. 'इट इज'चं आखडून 'इट्स' केलं की मात्र असते. इतका सोपा नियम मोडण्यात जी मजा आहे ती अवघड नियम मोडण्यात नाही. यापुढची पायरी अनेकवचनाची. नाम अनेकवचनी झालं रे झालं की 'एस'च्या आधी एक टोचून द्यायची. का, ते विचारायचं नाही. इंग्लंडात फळभाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही इतकी दिसायची की तिला 'ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी' असं नावच पडलं. (या नावातली अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी की नंतर, एवढा एकच प्रश्न टाकून बाजूला व्हा; जाणकारांची संध्याकाळ छान जाते.)

आणि या चिकाटीचं फळ मिळतं बरं. जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये ब्रिटनमध्ये चक्क 'अपॉस्ट्रॉफी प्रोटेक्शन सोसायटी' काढली. त्याच वर्षी त्यांना त्यासाठी इग नोबेलही, म्हणजे नोबेलची टिंगल करणारं ते गमतीचं पारितोषिक, मिळालं. चुकणाऱ्यांना सभ्य भाषेत पत्रं पाठवायची, हा संस्थेचा उद्योग. २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं जाहीर करून त्यांनी हात टेकले. तुमच्या पूर्वसूरींना यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं हवं?

आता तंत्राकडे वळू. स्पेलचेकरला कळेल अशी चूक करणं म्हणजे हातची संधी घालवणं. खाली लाल रेघ आली की वाचणारा म्हणणार, घाईत राहून गेलं असेल. चूक अशी हवी की शब्द कोशात असावा, फक्त तुम्हाला म्हणायचा होता तो नसावा. नोकरीच्या अर्जात 'मॅनेजर' लिहिताना दुसरा 'ए' गाळा. उरतो त्या शब्दाचा अर्थ गव्हाण. यंत्र हूं की चूं करत नाही, आणि आपण तीन वर्षं एका कंपनीत सेल्स-गव्हाण होतात अशी लेखी नोंद होते. त्याच अर्जात चार ओळी खाली 'अटेन्शन टू डीटेल' हा आपला गुण आवर्जून नमूद करावा. त्यावाचून रंग भरत नाही. 'पब्लिक रिलेशन्स'मधला 'एल' गाळल्यावर काय शिल्लक राहतं ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही. पण तोही शब्द कोशातला आहे आणि त्यालाही रेघ येत नाही. 'जरा धीर धरा' या अर्थाचं 'बेअर विथ मी' लिहिताना 'ई' आणि 'ए-आर' यांची जागा बदलली, तर तुम्ही तमाम ग्राहकवर्गाला तुमच्यासोबत कपडे उतरवण्याचं आमंत्रण देता. तेही 'काइंडली' लावून.

'लूज'वर मात्र थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते या कलेतला मुकुटमणी तोच. एक 'ओ' असला की गमावणं, दोन असले की सैल, आणि त्याच दोन 'ओ'वाल्याला क्रियापद केलं की मोकळं सोडणं. उच्चारसुद्धा एक नाही. गमावण्याच्या शेवटी 'झ', सैलाच्या शेवटी 'स'. म्हणजे कानावर खापर फोडायचीही सोय नाही. (इंग्रजीची थोडी फूस आहे, हे खरं. 'चूज'ला दोन 'ओ', त्याच्याशी यमक जुळवणाऱ्या गमावण्याला मात्र एक. पण फूस कुठे नसते?) तरी माणसं भावनेच्या भरात दुसरा 'ओ' घालतातच. रात्रीचे दोन वाजलेत, गळा दाटून आलाय, अंगठे थरथरतायत आणि स्क्रीनवर उमटतं, 'आय डोन्ट वाँट टू लूज यू.' पलीकडे वाचलं जातं ते एवढंच, की तुला मोकाट सोडायचा माझा विचार नाही. नातं मोडायचंच असेल तर ते असल्या कारणानं मोडावं, निदान सांगायला काहीतरी राहतं.

ज्यांना एवढं डोकं चालवायचं नाही त्यांच्यासाठी फोन आहे. 'डेफिनिटली'तला दुसरा 'आय' काढून तिथे 'ए' घाला. फोन धावत येतो आणि कधीकधी त्याचं 'डिफायन्टली' करून देतो. 'बैठकीला नक्की हजर राहीन'चं 'बैठकीला उद्दामपणे हजर राहीन' झालं. 'इनकन्व्हीनियन्स' जरा ठेचकाळत टाइप केलंत तर 'इनकॉन्टिनन्स' पुढे येतं, आणि तुम्ही गैरसोयीबद्दल नव्हे, लघवी आवरत नसल्याबद्दल सर्वांची जाहीर क्षमा मागता. पथ्य एकच, पाठवण्याआधी वाचायचं नाही. पाठवल्यावरही लगेच नाही. कुणी बोट दाखवलंच तर 'ऑटोकरेक्ट!' एवढं लिहून हसरा चेहरा टाकावा. दोष यंत्राचा, विषय संपला.

काही चुका कानानं करायच्या असतात. 'कुड हॅव' घाईत बोललं की शेवटी नुसता 'व्ह' उरतो, तो 'ऑफ'सारखा ऐकू येतो, आणि मग तो तसाच लिहायचा. व्याकरणाचं पुस्तक पुढ्यात घेऊन इंग्रजी शिकलेल्याला ही चूक सहसा सुचत नाही. ती मिरास ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे त्यांची, कारण ते भाषा आधी ऐकतात आणि मग लिहितात. तेव्हा तुम्ही ती केलीत तर एका फटक्यात अस्सल वाटाल, आणि वर वाचणाऱ्याचे दातओठही खाऊन होतील. याच कुळातली 'स्केपगोट'ची 'एस्केप गोट' होते, म्हणजे बळीच्या बकऱ्यानं दावं तोडून धूम ठोकली. 'ऑल इंटेन्ट्स अँड पर्पजेस'चं 'ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस' होतं. कुणीतरी 'एकॉर्न'ला, म्हणजे ओकच्या फळाला, 'एग कॉर्न' समजून बसलं होतं, त्यावरून जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञानं २००३ मध्ये असल्या चुकांच्या जातीलाच 'एगकॉर्न' म्हणायचं सुचवलं. पण ही जात मी फारशी सुचवणार नाही. वाचणारा वैतागायचा सोडून हसतो.

भारदस्त चुका करायच्या असतील तर 'बिट्वीन यू अँड आय' म्हणा. शब्दयोगी अव्ययापुढे तिथे 'मी' हवं असतं, इंग्रजीतलं 'मी'. पण 'मी अँड माय फ्रेंड' म्हणू नको, असं लहानपणी इतक्यांनी दटावलेलं असतं की मोठेपणी माणूस 'मी' दिसला की रस्ता बदलतो. 'हू'च्या जागी अधूनमधून 'हूम' पेरा. बरोबर पडलं तर विद्वान ठराल, चुकलं तर पकडायला समोरच्यालाही व्याकरण यावं लागतं. 'शब्दशः' या अर्थाच्या 'लिटरली'नं पूर्वी फार वैताग देता यायचा, पण आता कोशांनीच अतिशयोक्तीचा अर्थ नोंदवून त्यातली हवा काढली. 'इरिगार्डलेस'चंही तेच. 'रिगार्डलेस'मध्ये एकदा नकार असताना पुढून आणखी एक लावायचा, हा केवढा झकास मूर्खपणा, आणि मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशानं तो 'प्रमाण नव्हे' असा शेरा मारून का होईना, आत घेतलाय. सरकारजमा झालेल्या चुकांत मन रमत नाही.

पकडले गेलात तर? 'कळलं ना, मग झालं' हे उत्तर आता जुनं झालं. इतिहास काढा. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत मालकीचं 'इट्स' अपॉस्ट्रॉफीसकट आहे. पहिल्याच कलमात, दहाव्या उपकलमात. त्या काळी ते चालायचं, हे सांगायची गरज नाही. 'आयलंड'मध्ये जो मुका 'एस' बसलाय त्याचा त्या शब्दाच्या मूळ वंशाशी काही संबंध नाही. तो 'आइल'कडून, ओघानं लॅटिनकडून, चुकून आला आणि कायमचा राहिला. वेब पानं मागवताना ब्राउझर जी 'रेफरर' नावाची माहिती पाठवतो, तिच्या स्पेलिंगातला एक 'आर' १९९६ च्या तांत्रिक दस्तऐवजात गळालेला आहे आणि अजून तसाच गळका चालतो, कारण आता तो दुरुस्त केला तर सगळंच बिघडायचं. फारच कुणी कोशाचा आधार मागितला तर १९३४ चा वेब्स्टर पुढे करा. घनतेसाठी मोठा 'डी' किंवा लहान 'डी' हे चिन्ह वापरतात, अशा अर्थाची 'डी ऑर डी' ही चिठ्ठी तिथे कुणीतरी सलग वाचली आणि 'डॉर्ड' हा नवाकोरा शब्द कोशात जन्मला. १९३९ पर्यंत कुणाच्या तो लक्षात आला नाही.

दोन गोष्टी मात्र झाकून ठेवायच्या. लंडनमध्ये १६३१ साली छापलेल्या बायबलात सातव्या आज्ञेतला 'नॉट' गळाला आणि देवानं व्यभिचार करण्याची आज्ञा दिली. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला. आणि ब्रिटनच्या कंपनी निबंधकांनी २००९ मध्ये एका दिवाळखोर कंपनीची नोंद तिच्याशी नामसाधर्म्य असलेल्या एका चांगल्या चालत्या कंपनीच्या नावावर केली. दोन नावांत फरक शेवटच्या एका 'एस'चा. धनको आणि पुरवठादार पळाले, धंदा बसला, आणि २०१५ मध्ये कोर्टानं निबंधक कार्यालयाला जबाबदार धरलं. असली उदाहरणं लोकांपर्यंत गेली तर ते लिहिलेलं पुन्हा वाचू लागतील.

पुढेमागे चुका करून कंटाळा आला तर पक्ष बदला आणि इतरांच्या दुरुस्त्या करा. वैताग तितकाच देता येतो, वर पुण्यही लागतं. कुणी आई आजारी असल्याचं कळवलं तरी आधी 'युअर' सुधारावं, मग 'काळजी घ्या'. फक्त मफ्रीपासून जपा. मर्फी नव्हे, मफ्री. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकानं १९९२ मध्ये 'बिघडू शकतं ते बिघडणारच' म्हणणाऱ्या मर्फीचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवून हा नियम मांडला. दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दाखवायला जे लिहाल त्यात तुमची एक चूक असणारच, असं तो सांगतो. 'ग्रॅमर' सुधारायला गेलेला माणूस शेवटी 'ए'च्या जागी 'ई' लिहितोच लिहितो.

आणि वरिष्ठांची चूक कधीही काढू नये. १९९२ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या एका शाळेत गेले होते. बारा वर्षांच्या एका मुलानं फळ्यावर 'पोटॅटो' लिहिलं, अगदी बरोबर. क्वेल यांच्या हातातल्या कार्डावर शेवटी एक 'ई' जास्त होता. शेवटी अजून काहीतरी हवंय, असं त्यांनी प्रेमानं सुचवलं, आणि पोरानं मुकाट्यानं 'ई' जोडला. त्या पोराला बारा वर्षांचा असताना जे समजलं ते पुष्कळांना निवृत्तीपर्यंत समजत नाही. साहेबांनी 'वी कॅनॉट लूज धिस क्लायंट' असं दोन 'ओ' घालून पाठवलं असेल, तर उत्तरात तुम्हीही दोनच घाला. बढती जवळ आली असेल तर तीन.