पोलिशमध्ये एकच शिवी? मुळीच नाही

पोलंडला शिकायला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो: "पोलिश लोकांना एकच शिवी येते, 'कुर्वा'. स्वल्पविरामासारखी वापरतात. तुम्हीही बिनधास्त वापरा, कुणाला काही वाटत नाही." मी पोलंडच्या क्राकुफ शहरात काही वर्षं काढली आहेत. हे वाचलं की जीव तुटतो.

आधी 'काही वाटत नाही'चं बघू. वाटतं. शब्दाचा मूळ अर्थ वेश्या. मित्रांच्या कोंडाळ्यात, मॅच बघताना तो धडाधड ऐकू येतो, हे खरं. पण सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारणं तिथे किरकोळ गुन्हा आहे, १५०० झ्वॉटीपर्यंत (झ्वॉटी हे तिथलं चलन) दंड होऊ शकतो. आणि आजीसमोर पोलिश पोरगाही तो गिळतो. तोंडातून 'कुर्' निघालेलं असतं, मग तो वळवून 'कुरचे' म्हणतो, म्हणजे कोंबडीचं पिल्लू. मुंबईची पोरं 'भेंडी'वर थांबतात, तीच युक्ती. आमच्या शेजारच्या आजींच्या हातून एकदा जिन्यात दुधाची बाटली फुटली. दूध पायरी-पायरीने खाली चाललेलं, काचा पसरलेल्या, आणि आजी म्हणाल्या, "मोतिला नोगा!" फुलपाखराचा पाय! त्यांचा सगळा संताप त्या दोन शब्दांत मावला.

आता 'एकच शिवी'. 'होलेरा' म्हणजे कॉलरा, आपली पटकी. भारतातून पसरत गेलेली ही साथ १८३१ मध्ये रशियन सैन्याबरोबर पोलंडात शिरली होती. आज वैतागाने 'होलेरा' म्हणणं आपल्या 'च्यायला'इतकंच. 'बुराक' म्हणजे बीट. रीतभात नसलेल्या माणसाला म्हणतात. 'गापा' म्हणजे वेंधळा, आणि विनातिकीट प्रवासालाही हाच शब्द लावतात. 'स्वोइक' म्हणजे काचेची बरणी. गावाकडून घरच्या जेवणाच्या बरण्या घेऊन वॉर्सात राहायला येणाऱ्यांना जुने वॉर्साकर हे नाव ठेवतात. पुण्या-मुंबईत डबे घेऊन आलेल्या कुणालाही त्यातली बोच कळेल.

माझा लाडका शब्द 'ज्बान', 'जहाज'मधला ज. अर्थ रांजण, आणि म्हणून मठ्ठ माणूस. २०१८ मध्ये तो तिथल्या तरुणांचा वर्षाचा शब्द ठरला. मराठीत आपण 'माठ' म्हणतोच की! एवढा हुबेहूब शब्द समोर असताना कुणी 'कुर्वा' पाठ करत बसावं?

शेवटचं म्हणजे, तो मजकूर ज्या गोष्टीचं नावच घेत नाही, ती अरे-तुरेची. अनोळखी माणसाला 'पान', बाईला 'पानी' म्हणायचं. दुकानदाराला थेट 'ति', म्हणजे 'तू' म्हणालात, तर शिवी न देताच अपमान झाला. भांडणात तापलेला माणूससुद्धा 'पान' लावूनच समोरच्याला 'हाम', म्हणजे असभ्य, म्हणतो.