खणावे आणि खजील व्हावे

मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधत हिंडणाऱ्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, आणि तो म्हणजे, "सोने सापडले का?" या प्रश्नाचे माझे उत्तर बरेच लांब आहे, शिवाय ते मुळातच 'नाही' या शब्दाने सुरू होत असल्यामुळे पुढचे ऐकायला कोणी थांबत नाही.

वास्तविक यंत्राचा यात काही दोष नाही. त्याच्या टोकाच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलता विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, खाली एखादा धातू असेल तर त्यात लहान लहान प्रवाह गरगरू लागतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या प्रतिसादावरून यंत्र आवाज करते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. हा प्रतिसाद धातू कोणता यावर तर अवलंबून असतोच, पण वस्तूचा आकार, जाडी आणि ती जमिनीत कशी पडली आहे यांवरही असतो. परिणामी सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्यावरून ओढून काढलेली ॲल्युमिनियमची कडी यांचा आकडा पुष्कळदा एकच येतो. अशा सुट्या होणाऱ्या कड्या 1960च्या दशकात पसरल्या, आणि पुढे डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघेपर्यंत लोकांनी त्या जिथे तहान भागली तिथेच टाकल्या. या कड्यांचा आवाज बंद करण्याची सोय यंत्रात आहे. पण ती वापरली की अंगठ्यांचाही आवाज बंद होतो. म्हणून प्रत्येक वेळी गुडघे टेकून खणावे लागते, आणि प्रत्येक वेळी कडीच निघते.

लोखंडाचे प्रकरण याहून वाईट. साधा खिळा निदान घोगऱ्या आवाजात आपली जात सांगतो. मोठा, चपटा, गंजलेला पत्रा मात्र थेट चांदीच्या सुरात गातो. अशा वेळी गवताचा थर तीन बाजूंनी कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, मातीचे एकेक खुरपे शेजारच्या कापडावर ठेवायचे आणि खड्ड्यात पुन्हा यंत्र फिरवायचे, तर ते गप्प! वस्तू एव्हाना मातीबरोबर वर आलेली असते. मग ढिगारा चिवडायचा, मूठ मूठ माती कॉइलसमोर धरायची आणि अखेर आवाज हातातल्या मातीतून येत नसून आपल्याच बुटाच्या लोखंडी टोपीतून येतो आहे, हे ध्यानात आल्यावर आजूबाजूला कोणी पाहत तर नाही ना, याची खात्री करून घ्यायची. काखेत कळसा असणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. त्यांना फक्त हेडफोन नव्हते.

अशा प्रसंगी मला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा मोठा आधार वाटतो. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी बेल स्वतःचे यंत्र घेऊन गेले होते. डॉक्टरांनी त्यांना उजव्या बाजूलाच शोधू दिले आणि गोळी निघाली डावीकडे. त्यात पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनीही यंत्राचा गोंधळ उडवला, असे सांगतात. टेलिफोन शोधणाऱ्या माणसाची जिथे ही गत, तिथे माझ्या बुटाचे काय घेऊन बसलात?

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधल्या सफक परगण्यातले. तिथे हॉक्सन या गावी 1992 मध्ये एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला निघाले आणि त्यांना रोमन काळातली सुमारे 15,000 नाणी, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे सापडले. पुढचे सारे हावरेपणाने न उपसता त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले आणि पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा नीट नोंदी करून बाहेर काढला, याबद्दल मला त्या गृहस्थांविषयी खरोखर आदर आहे. नंतर ती हातोडीही सापडली आणि आज ती ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. माझ्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा चालतो. मी रोमन नाण्यांच्या आशेने खणतो, मला हातोडी मिळते आणि ती कोणतेही म्युझियम घेत नाही.

मात्र एकदा, कडीचाच आकडा दाखवणाऱ्या एका खड्ड्यातून नखाएवढे पितळी बटण निघाले. त्यावरची नक्षी झिजून गेली होती. पण बटणामागच्या हुकात तपकिरी धाग्याचे दोन पदर अजून अडकलेले होते. तांब्याच्या हिरव्या गंजाजवळ कापड कुजवणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही, म्हणून अंगरखा माती झाला तरी धागा टिकला. कोणाचे तरी बटण तुटले, त्याने बहुधा चरफडत ते शोधले आणि त्याला ते मिळाले नाही. मला मिळाले. पहिल्यांदाच मी 'सोने सापडले का?' असे कोणी विचारण्याची वाट पाहिली, आणि त्या दिवशी नेमके कोणीही फिरकले नाही.

जमिनीच्या मालकाची परवानगी काढल्याशिवाय मी कुठे खणत नाही, संरक्षित स्थळांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, आणि निघताना खड्डे बुजवून सगळा भंगारमाल बरोबर नेतो. त्यामुळे मालक माझ्यावर निहायत खूश आहे. त्याच्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हल्ली खिळे घुसत नाहीत. परवा त्याने आपण होऊन पलीकडच्या शेताचीही परवानगी दिली आणि मोठ्या आपुलकीने सांगितले, "तिकडे तर याहून जास्त आहेत."