कण्हेर वाळली तरी विष वाळत नाही

आमच्या भागातल्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: शोभेच्या झाडांचं भय म्हणजे पुस्तकी लोकांचं खूळ. जनावर विषारी पाल्याला तोंडच लावत नाही, देवानं त्याला नाक दिलंय. शंका असेल तर वाळवून घाला, विष उडून जातं. कण्हेर एवढी घातक असती तर हायवेच्या मधोमध लावली असती का? आणि बाधलंच तर ताकात तूप घालून पाजा. खटाव तालुक्यात आमच्या दावणीला चार जनावरं आहेत, म्हणून हे वाचून गप्प बसवेना.

'जनावराला कळतं' हे अर्धं खरं आहे. उभ्या कण्हेरीला गाय सहसा तोंड लावत नाही, पाला कडू लागतो. पण गव्हाणीत तिला निवडू कोण देतं? उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यात कण्हेरीच्या दोन फांद्या आल्या आणि सगळं कडबाकुट्टीतून निघालं, की त्यातलं पान कुठलं नि वाढं कुठलं हे आपल्यालाही सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका बंगल्याच्या कुंपणाची छाटणी कुणीतरी बांधावर टाकली. चुलतीनं हिरवं दिसलं म्हणून कवळाभर उचलून आणलं, कुट्टी केली. पहाटे धारेला गेली तर गाय मान टाकून उभी, कान गार, शेण पाण्यासारखं. दुपारी दाव्यालाच कोसळली. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा चाऱ्यात त्या लांबट पानांचे तुकडे होते, मधली पांढरट शीर स्पष्ट दिसत होती. चुलती अजून त्या बांधाकडं बघत नाही.

शिवाय भुकेपुढं नाक चालत नाही. उन्हाळ्यात माण, आटपाडी, जतकडं चारा संपला की जनावरं घाणेरीसुद्धा ओरबाडतात. इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेला आणलेलं हे झुडूप. ते पोटात गेलं की यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात नाकाडाची, पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी सोलपटून निघते. बाजारातून नवी आणलेली जनावरं यात जास्त सापडतात. बेशरमीची तऱ्हा तर उलटीच. कॅनॉलच्या कडेला माजलेली ही जांभळ्या फुलांची वेल-झुडपं शेळी खायला लागली की तिला चटक लागते. मग चांगला चारा सोडून ती तेच हुडकत फिरते, काही आठवड्यांत पाय लटपटायला लागतात. हेच का ते देवानं दिलेलं नाक?

वाळवण्याचा सल्ला कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. कोवळं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, जनावराला बाधतं आणि तेच नीट वाळवलं की चालतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्वारीतलं ते विष उडून जाणारं असतं. कण्हेरीतलं तसं नाही. ते थेट हृदयाचे ठोके बिघडवतं आणि पान कडकडीत झालं तरी जागचं हलत नाही. त्याची जीवघेणी मात्राच वाळलेल्या पानांवर मोजतात: जनावराच्या वजनाच्या किलोमागं साधारण ५० मिलिग्रॅम. म्हणजे ४०० किलोच्या गाईला २० ग्रॅम, जेमतेम मूठभर. उलट वाळल्यावर कडूपणा कमी जाणवतो, त्यामुळं जनावर ती बिनदिक्कत खातं. पाण्याच्या हौदात पडून कुजलेली पानंसुद्धा तितकीच वाईट.

हायवेचं उत्तर सोपं आहे. कण्हेरीला पाणी कमी लागतं, धूर सोसतो आणि मोकाट गुरं ती खात नाहीत, म्हणूनच ती दुभाजकात लावतात. तिथली छाटणी मात्र फुकटचा चारा म्हणून घरी आणू नका.

ताक-तुपानं हृदय ताळ्यावर येत नाही. मलूल जनावराला नळीनं पाजताना ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं गळ्यात. चारा बाजूला करा, जनावराला चालवू-पळवू नका, जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत नंबरवर फोन लावा आणि खाल्लेल्या पाल्याची फांदी जपून ठेवा. डॉक्टरांना ती पाहून निम्मं काम कळतं. लवकर आले तर औषधी कोळसा पाजून पोटातलं विष बांधता येतं.

मेसेजवाल्याच्या ध्यानातही नसलेली एक गोष्ट राहिली. श्रावणात महादेवाला पिवळी कण्हेर वाहतात आणि निर्माल्य गाईच्या मुखी जावं म्हणून गव्हाणीत टाकतात. फूल, पान, बी, सगळंच विषारी. आमच्याकडं ते आता आंब्याच्या बुडात पुरतात. पहिल्या सोमवारी आई कुरकुरली, पण खड्डा तिनंच दाखवला.