कॅलेची गोष्ट 7 मे 2000 ला संपत नाही

फ्रेंच कपचे सामने सुरू झाले की फुटबॉलच्या ग्रुपांवर तो जुना फोटो फिरायला लागतो. दोन संघांचे दोन कर्णधार, मधे एकच चषक. मलाही तो फोटो फार प्रिय आहे. पण कॅलेची गोष्ट त्या फोटोपाशी संपवली जाते, हे मात्र आता सहन होत नाही.

कॅले हे फ्रान्सच्या उत्तर टोकाचं बंदर. खाडीपलीकडे इंग्लंड, आणि शहराचं नाव लेसच्या कापडासाठी. तिथला कॅले रेसिंग युनियन हा क्लब 1902 सालचा. 2000 मध्ये तो फ्रेंच लीगच्या चौथ्या श्रेणीत होता. पोटासाठी दुसरी कामं करायची आणि फुटबॉल खेळायचा, अशी ती मुलं. प्रशिक्षक लादिस्लास लोझानो.

फ्रेंच कपमध्ये गावच्या हौशी संघापासून लीगच्या विजेत्यापर्यंत सगळे एकाच स्पर्धेत उतरतात. हरला तो घरी. कॅलेनं लील आणि कान या संघांना पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढलं, मग पहिल्या श्रेणीतल्या स्त्रासबूरला 2-1 नं. उपांत्य फेरीत समोर बोर्दो, म्हणजे आदल्या मोसमाचे लीग विजेते. कॅलेचं घरचं मैदान एवढ्या सामन्याला पुरणार नव्हतं, म्हणून तो लाँस शहरात झाला. 90 मिनिटं गोल नाही. जादा वेळेत कॅलेनं आघाडी घेतली, बोर्दोनं फेडली. दमलेला हौशी संघ इथे मोडतो. हे मोडले नाहीत, आणखी दोन गोल केले. 3-1!

अंतिम सामना 7 मे 2000 ला पॅरिसजवळच्या स्ताद दे फ्रान्सवर, नाँत या संघाशी. 34व्या मिनिटाला जेरोम द्युतीत्रनं गोल केला आणि मध्यंतराला कॅले पुढे होतं. मध्यंतरानंतर आंत्वान सिबिएर्स्कीनं बरोबरी साधली आणि अगदी शेवटच्या मिनिटाला त्यानंच पेनल्टीवर दुसरा गोल केला. ती पेनल्टी मला आजही पटलेली नाही.

मग तो क्षण. नाँतचा कर्णधार, गोलकीपर मिकाएल लांद्रो, तेव्हा अवघा 20 वर्षांचा. त्यानं कॅलेचा कर्णधार रेजिनाल्द बेकला सोबत बोलावलं आणि दोघांनी मिळून चषक उचलला. जिंकलेल्या दिवशी असं सुचायला मन मोठं लागतं.

आणि पुढे? 2006 मध्ये कॅले पुन्हा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं आणि पुन्हा नाँतकडूनच हरलं. 2008 मध्ये शहरात सुमारे 12 हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभं राहिलं. नाव, स्ताद दे लेपोपे. लेपोपे म्हणजे महागाथा, 2000 सालच्या त्या वाटचालीची आठवण. क्लबचे हिशेब मात्र जुळेनात. फ्रेंच फुटबॉलमध्ये क्लबांच्या ताळेबंदावर नजर ठेवणारी यंत्रणा आहे, तिनं कॅलेला खालच्या श्रेणीत ढकललं. सप्टेंबर 2017 मध्ये क्लब दिवाळखोरीत निघाला आणि बंद झाला.

क्लब मोठा करायचा म्हणजे आधी स्टेडियम मोठं करायचं, ही समजूत मला मुळातच मान्य नाही. कपमधला पैसा एका वर्षी येतो आणि संपतो, पगार आणि देखभाल दर महिन्याला दारात उभी असते. लाँसला बोर्दोविरुद्ध आलेली गर्दी एरवीच्या शनिवारी लहान गावच्या संघासमोर येत नाही. अशा क्लबाला लागतात चार-पाचशे हक्काची माणसं, पोरांना शिकवणारा प्रशिक्षक आणि वेळेवर भरलेलं वीजबिल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या एका मोसमावर फ्रेंच कपचा केवढा बोलबाला झाला! हौशी संघही अंतिम फेरी गाठू शकतो हे सांगताना आजही कॅलेचंच नाव घेतात. मग त्या क्लबाला तगवण्याची थोडीतरी जबाबदारी स्पर्धा चालवणाऱ्यांची नव्हती का? माझ्या मते होती.

यंदा तो फोटो शेअर कराल तेव्हा खाली 2017 हे सालही लिहा.